बिनशिट्टीचा कुकर

देवूला बोट लागायची. घाटावरून आलेल्या पाहुण्याला बोट लागली तर कुणी हसत नाही, लिंबू पुढे करतात. पण सातपाटीत जन्मलेल्या, बापाची स्वतःची बोट असलेल्या पोराला बोट लागते म्हटल्यावर गाव काय लिंबू देणार? गावानं त्याला चघळायला घेतलं ते पुढची तीस वर्षं सोडलं नाही. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त चघळलं ते देवूनंच. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की तो सुरू व्हायचा.

"पयल्यांदा बोटीवर गेलो ना, बंदर दिसत होतं तवाच पोटातलं सगलं भायेर. बाप बोलला, अरं, मासं धरायला आलास का मासं पोसायला?"

ऐकणारे हसायचे. देवू त्यांच्याहून मोठ्यानं हसायचा. आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याच्या हसण्याला धार राहत नाही, हे त्याला लहानपणीच उमगलं होतं.

समुद्र सुटला तेव्हा तो पालघरला जाऊन फिटरचं काम शिकला आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाचे रंग करणाऱ्या कारखान्यात चिकटला. तिथंच जवळ कुंभवलीत, एका चाळीत, भाड्याची खोली घेतली. खोली घेताना त्याची एकच अट होती म्हणे, जमीन हलता कामा नये. बायको शकू त्याच्याच गावातली, मांगेला कोळ्याचीच पोर; पण तिनं कधी त्याला समुद्रावरून टोचलं नाही. टोचायला तिच्याकडे इतर विषय भरपूर होते.

एक गोष्ट मात्र देवू हसण्यावारी नेत नसे. त्यांच्या घरची रीत अशी, की पोरगा समुद्रावरून आला की पहिली टोपली आईपुढे. त्यातला सगळ्यात देखणा सरंगा आईनं उचलायचा, मग बाकीचं बाजारात. थोरला भाऊ रामू हे वर्षानुवर्षं करत आला. देवूनं आईपुढे काय ठेवलं? बोईसर स्टेशनाबाहेरच्या दुकानातले पेढे. आईला गोड आवडत नसे. ती पेढा कपाळाला लावून शेजारणीला द्यायची.

त्याहून लाजेची गोष्ट दुसरीच. लहानपणी एकदा घशात काटा अडकला, तेव्हापासून देवू माशाला हात लावायला घाबरायचा. आई समोर बसायची, माशाचे काटे काढून, बोटानं चाचपून, भाताबरोबर गोळा करून त्याला भरवायची. लहान पोरांना सगळ्याच आया असं भरवतात. पण या पठ्ठ्याला मिसरूड फुटली तरी आईनं काटे काढून दिल्याशिवाय जेवण जात नव्हतं. बोटीवर ओकतो आणि घरी काटे काढून घेतो! रामू त्याला कोळ्यांच्या घरात चुकून आलेला वाणी म्हणायचा.

आई म्हणजे येसूबाई. बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसायची तेव्हा तिचा आवाज रेल्वेच्या फाटकापर्यंत ऐकू जायचा. दात असे, की चिंबोरीची नांगी दातानं फोडायची. मासळीचं तिला कौतुक नव्हतं, ती रोजचीच. तिचा जीव होता मटणाच्या फासळीवर. हळदीला बोकड पडला की पंगतीत बसल्याबसल्या ती वाढप्याला दम द्यायची, "ए, मला फासली टाक. बोटी-बिटी नको." मग ती फासळी दोन्ही हातांत धरून, मान एका बाजूला कलती करून, हाडापासून मांस अस्सं ओढायची, की बघणाऱ्याला भूक लागावी. तिची ती तऱ्हा सगळ्या गावाला ठाऊक होती.

पण वयानं दात नेले. एकेक करत सगळेच गेले. पालघरच्या डॉक्टरनं कवळी सुचवली तर म्हणाली, "कुनाचं दात कुनाच्या तोंडात? ह्या!" कवळीचं प्रकरण तिथंच मिटलं.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. रामूच्या पोरीची, जमनाची हळद होती. पंगतीत देवू आईच्या समोर बसला होता. वाढप्यानं जुन्या सवयीनं येसूबाईच्या पानात चांगल्या दोन फासळ्या टाकल्या. तिनं एक उचलली, हिरड्यांनी धरून बघितली, पुन्हा बघितली. मग इकडेतिकडे पाहून हळूच दोन्ही शेजारच्या राहीबाईच्या पानात सरकवल्या आणि म्हणाली, "खा गं तू. माजं पोट भरलं." अजून भात वाढायचा होता, आणि हिचं पोट भरलं!

दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. देवूनं पाहिलं. त्यानं समोरचा ताडीचा पेला संपवला, मग शेजारच्याचाही संपवला. जीभ सैल सुटली. तो उभा राहून भर पंगतीत म्हणाला, "आये, आखाडात माज्या घरी ये. तुला दातांबिगर फासली खायाला घालतो. नाय घातली तर नावाचा देवू नाय!"

रामूनं तोंडातला घास गिळला आणि शांतपणे विचारलं, "तू? अरं, आजवर तिला एक मांदेली तरी खायाला घातलीस का रं?"

पंगत खो-खो हसली. देवूही हसला, सवयीनं. पण या वेळी त्याला ते हसू घशात काट्यासारखं लागलं. येसूबाई हसली नाही. ती म्हणाली, "येन मी." झालं! आता माघार नाही.

बरं, ही बढाई त्यानं अगदीच हवेत मारली नव्हती. त्याच साली कारखान्यात नवं यंत्र बसवायला परदेशातून एक इंजिनीअर आला होता. त्याचं नाव कुणालाच धड घेता येत नव्हतं, म्हणून सगळे गोरासाहेब म्हणायचे. देवू त्याच्या हाताखाली होता. या गोऱ्यासाहेबाला कॅन्टीनची डाळ पचेना, म्हणून तो आपल्या खोलीवर स्वतःच रांधायचा. त्याच्याकडे विजेवर चालणारं एक जाड मातीचं भांडं होतं. सकाळी कामावर येताना त्यात बोकडाच्या फासळ्या, टोमॅटो, गूळ, व्हिनेगर, तिखट घालून झाकण लावायचा, संध्याकाळी जाऊन जेवायचा. एकदा त्यानं देवूला बोलावलं. देवूनं फासळी तोंडात धरली आणि मांस हाडावरून आपसूक सुटून जिभेवर आलं. गोड, आंबट, तिखट, सगळं एकदम. दात लागलेच नाहीत. देवूला त्या क्षणी दुसरं कुणी नाही, आई आठवली.

"ये क्या है, साब?" त्यानं भांड्याकडे बोट दाखवून विचारलं.

"स्लो कुकर," साहेब म्हणाला. आणि आपल्या चार शब्दांच्या हिंदीत समजावलं, "धीरे, धीरे, धीरे." देवूनं झाकण उघडून आत बघायला हात पुढे केला, तर साहेबानं त्या हातावर चापट मारली. तेवढ्यावर देवूला वाटलं, विद्या आली.

साहेब यंत्र बसवून, आपलं भांडं घेऊन निघून गेला. हळदीत बढाई मारली तेव्हा देवूकडे होते काय, तर ते तीन 'धीरे' आणि ती एक चापट.

कुणीही विचारील, अरे बाबा, घरात साधा कुकर होता ना? चार शिट्ट्या जास्त करायच्या! शकूनंही हेच विचारलं. देवू म्हणाला, "आयेला कुकरचं मटन म्हंजे चोथा वाटतो. दादाकडं खाल्लेलं तिनं. दोरे हिरडीत आडकले, दोन दिवस शिव्या देत होती." हे खरंच होतं. पण पुढे कधीतरी देवूनं त्यातलं उरलेलंही सांगून टाकलं. शिट्टीच्या कुकरात तर कुणीही शिजवतं, आणि त्याला कुणीही व्हायचं नव्हतं. रामूच्या तोंडावर मारायला काहीतरी जगावेगळं हवं होतं.

तसलं भांडं पालघरच्या बाजारात तेव्हा कुठलं मिळायला! पण देवू फिटर. नसेल तर बनवू. आता मंद आच, एका पातळीवर टिकणारी, अशी घरात कोणती वस्तू देते? विचार करकरून त्याचं डोकं शिणलं. आणि एका शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, शकू त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. देवूची नजर इस्त्रीच्या चकतीवर गेली. नायलॉन, सिल्क, वूल, कॉटन.

तो एवढ्या जोरात "सापडलं!" म्हणून ओरडला, की शकूनं शर्ट जाळला.

ती इस्त्री शकूच्या माहेरची. सगळ्या चाळीत तेवढी एकच विजेची. पाहुणे पोरगी बघायला यायचे झाले की शेजारपाजारच्या बाया ती मागायला यायच्या. ती इस्त्री देवूनं खोलली, मूठ काढून टाकली, गोडेतेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात उलटी बसवली. तिच्या तापणाऱ्या पाठीवर मातीची हंडी. भोवती उष्णता धरून ठेवायला सातपाटीच्या किनाऱ्यावरची वाळू, धुऊन, सुकवून. चकती फिरवायला डब्याला खिडकी. कारखान्याच्या आवारात रंगाची रिकामी पिंपं ढिगानं पडलेली असायची, पण ती नको एवढी अक्कल त्याला होती. अक्कल म्हणून जी काही होती ती तिथंच संपली, असं तो म्हणायचा.

शकू दारात उभी राहून बघत होती.

"माज्या इस्त्रीवर मटन?"

"आयेसाठी गं."

"आन कापडं? ती काय आता तव्यावर फिरवू?"

पण सासूचं नाव आल्यावर तिनं वाद सोडला. त्या दिवसापासून देवू चुरगळलेल्या शर्टानं कामावर जाऊ लागला.

पहिली खेप. देवूला वाटलं, मटण म्हणजे जाड काम, चकती कॉटनवर ठेवू. दुपारी सगळ्या चाळीत वास सुटला, पण तो मटणाचा नव्हता. हंडीच्या तळाशी फासळ्या कोळशासारख्या चिकटल्या होत्या. त्यानं त्या बाहेर कुत्र्यापुढे टाकल्या. कुत्र्यानं हुंगलं, देवूकडे बघितलं आणि दुसऱ्या गल्लीत निघून गेलं.

दुसरी खेप, सिल्कवर. आच अगदी बरोबर. पण देवूचा हात गप्प बसेना. शेवटी हात कोळ्याचा! ज्या घरात कालवणाला उकळी आली की मासळी सोडायची आणि दुसरी उकळी आली की खाली उतरवायची, तिथं वाढलेला हात तासन् तास झाकणावरून दूर कसा राहणार? झालं का बघू म्हणून उघड, मीठ बघू म्हणून उघड, वाफ आहे का बघू म्हणून उघड. जेवढी वाफ धरायची तेवढी त्यानं चाळीला वाटून टाकली. संध्याकाळी फासळी चावली तर दात असलेल्या देवूचेच दात हलले. साहेबानं हातावर चापट का मारली होती ते त्याला त्या दिवशी कळलं.

म्हणून तिसऱ्या खेपेला त्यानं ठरवलं, आपण घरातच नको. पहिली पाळी होती. पहाटे उठून हंडी भरली, चकती सिल्कवर ठेवली, डबा चालू केला आणि शकूला बजावलं, "कुकर लावलाय. झाकन उगडू नको, हात लावू नको. मी आल्यावर बगतो." आणि खुशीत सायकलवर टांग मारून गेला.

इथं सगळं घोडं अडलं ते एका शब्दापायी. कुकर म्हणाला ना तो! सरळ इस्त्री म्हणाला असता तर बरं झालं असतं. शकू बिचारी भाजी निवडत बसली, एक कान डब्याकडे लावून. कुकर म्हटला की त्याला शिट्टी आली. ही शिट्टी काही होईना. शेजारची हंसा आली, दोघी मिळून कान देऊन बसल्या. शिट्टी नाही. हंसा म्हणाली, "बिगाडला असल. शॉक-बिक लागायचा, बंद कर." शकूला ते पटलं. माहेरची इस्त्री होती, पार जळून गेली तर? तिनं बटण बंद केलं आणि दुपारच्याला सुके बोंबील केले.

देवू घरी आला तो कारखान्याच्या गेटपासूनच तोंडाला पाणी सुटलेला. झाकण काढलं. आत फासळ्या थंडगार, कच्च्या, सकाळी ठेवल्या तशाच.

"बंद का केलास?"

"शिट्टी नाय झाली ना!"

"अगं, ह्याला शिट्टी नसते!"

"मंग कुकर कशाला बोललात?" शकू भडकली. "शिट्टी नाय तर झालं ते कलनार कसं मानसाला?"

झालं ते कसं कळायचं? ते गोऱ्यासाहेबानंही सांगितलं नव्हतं.

हंसाच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुसऱ्या दिवसापर्यंत देवूच्या कुकरला शिट्टी नाही ही बातमी कुंभवलीभर झाली, तिसऱ्या दिवशी कारखान्यात. तो यंत्राखाली झोपून बोल्ट आवळत असला की पलीकडून कुणीतरी शीळ घालायचं. बॉयलरवरचा भैया येता-जाता विचारायचा, "का हो देवूभाई, सीटी बजी क्या?" देवू म्हणायचा, "अभी नहीं बजी, तुम्हारे बॉयलर की उधार दे दो." वर वर हसायचा. पण आषाढ जवळ येत चालला होता. हे सगळं आईसाठी जमलं नाही तर? पेढेवाला तो पेढेवालाच राहायचा.

बाजारात बसणाऱ्या बायांबरोबर ही बातमी सातपाटीला पोचेपर्यंत तिचं रूप आणखी बदललं. दुकानदारानं देवूला फसवून शिट्टी नसलेला कुकर गळ्यात मारला, असं येसूबाईच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "पयल्यापासून भोला हाय माजा देवू."

आषाढातला शेवटचा शुक्रवार ठरला. सातपाटीत पावसाळ्यापुरत्या बोटी शाकारून किनाऱ्यावर चढवलेल्या, म्हणून रामूला उसंत. तो आईला घेऊन एसटीनं येणार होता.

त्या दिवशी देवूनं कसली म्हणून कसर ठेवली नाही. फासळ्या कसायाकडून आदल्या दिवशीच सांगून ठेवलेल्या. गूळ, चिंच, ठेचलेला लसूण, घरचा मसाला. नारळाच्या करवंटीचा निखारा वाटीत ठेवून, त्यावर तेल सोडून धूरही दिला. भल्या सकाळी हंडीचं झाकण लावलं आणि शकूकडून कणकेचा गोळा मागून घेऊन झाकणाच्या कडेनं लिंपून टाकलं.

"ह्ये कशाला?" शकूनं विचारलं.

"माज्या हाताचा भरवसा नाय."

दुपारच्या आत पाहुणे आले. येसूबाई पदर पिळत आत आली आणि थेट त्या पत्र्याच्या डब्यासमोर पाट घेऊन बसली. रामूनं खिशातून कागदात बांधलेली वस्तू काढून देवूच्या हातात दिली. कुकरची शिट्टी. नवी कोरी, बाजारातून मुद्दाम घेतलेली.

"बसव तुज्या कुकरवर. आमच्या घरान्याची लाज राखायला नको?"

शकू तोंडाला पदर लावून हसली. देवू म्हणाला, "बसवतो, दादा. आदी भोक पाडाया लागंल," आणि शिट्टी फळीवर ठेवली. हंडीतून मंद वास यायला लागला होता. देवूचा जीव जरा भांड्यात पडला.

आणि वीज गेली.

बाहेर धो-धो पाऊस, तारांवर कुठंतरी झाड पडलं असणार. पंखा थांबला, इस्त्रीचा लाल दिवा विझला. देवूनं बटण खालीवर केलं. परत केलं. परत केलं.

"देवू," रामू म्हणाला, "तुजं तोंड बोट लागल्यावानी झालंय रं."

शकू पुढे झाली. "अवो, स्टोववर टाकते ना. रामूदादांनी शिट्टीबी आनलीय."

"नको!" देवू ओरडला. मग आवाज उतरला. "नको गं. वालू तापलेली हाय. थोडं थांबू." तापलेली वाळू किती वेळ तापलेली राहते, हे त्याला ठाऊक होतं का? काडीचं नाही. झाकण उघडावं तर उरलीसुरली वाफ जाणार, न उघडावं तर आत कच्चं की पक्कं कळणार नाही. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

येसूबाईच्या जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली. रामूच्या पोटात कावळे ओरडायला लागले, तो दोनदा घसा खाकरला.

"आये, भूक लागली आसंल," देवू कसाबसा म्हणाला. "जराशी कल काढ. कदी व्हईल सांगता येत नाय. शिट्टी नाय ना ह्याला."

"थांबते की," येसूबाई म्हणाली. "तुजा बाप दर्यावर जायाचा तवा काय शिट्टी मारून यायचा का? मी बसायची वाट बगत. यायची तवा यायची बोट." आणि तिनं डब्यावर हात ठेवला. "ऊन हाय अजून."

मग कुणीच घाई केली नाही. पाऊस थोडा ओसरला, तरी वीज आली नाही. शेवटी वाळू हाताला कोमट लागायला लागली तेव्हा देवू उठला. आता नाही म्हणायला जागाच राहिली नव्हती. त्यानं वाळलेली कणीक सुरीनं खरवडली आणि झाकण उचललं. वास असा आला, की रामू पुढे वाकून आत डोकावला.

देवूनं पळी घातली, खालून फासळी धरली आणि मोठ्या दिमाखात वर उचलली. वर आलं ते नुसतं हाड. पांढरं, स्वच्छ, धुतल्यासारखं. त्यानं दुसरी उचलली. हाड. तिसरी. हाड! सगळं मांस सुटून खाली रश्श्यात मिसळून गेलं होतं.

रामूचा बांध फुटला. तो भिंतीला टेकून हसायला लागला. "आये, तुज्या पोरानं हाडं शिजवली गं! फासली बोलला व्हता ना? घे, फासली! अरं देवू, मटन काय दर्यात ओकलास का?"

देवू पळी घेऊन तसाच उभा. या वेळी त्याला आधी हसता आलं नाही. आईला फासळी हातात धरून ओढायची होती, मान कलती करून, पूर्वीसारखी. आणि यानं तिच्यासाठी नुसता गाळ केला होता. इतक्या दिवसांची इस्त्री, इतक्या दिवसांची फजिती, आणि शेवटी हाडं. डोंबल! कुणी त्याला त्या वेळी पेढ्याचं दुकान दाखवलं असतं तर तो पळत गेला असता.

"वाड," येसूबाई म्हणाली.

त्यानं ताटात वाढलं. मऊ मांस, दाट लालसर रस्सा, तांदळाची भाकरी. तिनं घास तोंडात घातला, जीभ फिरवली आणि थांबली. मग हिरडीतून बारीकसं काहीतरी बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवलं. हाडाची चीप होती, फासळीच्या कडेची. सुटलेल्या मांसात अशा बारीक चिपा बऱ्याच लपल्या होत्या, आणि तिला म्हातारीला त्या दिसत नव्हत्या.

"थांब, आये."

देवू तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिचं ताट त्यानं आपल्याकडे ओढलं. मांसाचा एकेक तुकडा बोटांनी चाचपला, चिप काढली, कडेला ठेवली, पुन्हा चाचपला, भाकरीच्या मऊ भागात गुंडाळून गोळा केला. त्याची बोटं हे सगळं कुठं शिकली होती, त्याला स्वतःलाही क्षणभर कळलं नाही. त्यानं घास पुढे केला आणि येसूबाईनं सरळ तोंड उघडलं.

रामूचं हसणं मध्येच थांबलं. तो भिंतीपासून सरळ झाला. देवूच्या काट्यांवरून त्यानंच भावाला सगळ्यात जास्त पिडलं होतं, आणि समोर काय चाललंय ते त्याला सांगायला लागलं नाही.

येसूबाईनं घास गिळला. डोळे मिटले होते तिचे. "काटं काडलंस रं माजं?" ती म्हणाली.

देवूनं नुसती मान हलवली आणि पुढचा घास केला. एक, मग आणखी एक. जमनाच्या हळदीला भाताच्या आधीच पोट भरलेली ती म्हातारी आता भाकरीमागून भाकरी खात होती.

ताट निम्मं झाल्यावर ती म्हणाली, "आता ती फासली दे हिकडं."

"आये, त्याला काय नाय गं. नुसतं हाड हाय."

"दे म्हनते ना!"

त्यानं त्यातलं एक लांबसं हाड रश्श्यात बुडवून तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांत धरलं. मान एका बाजूला कलती केली, अगदी तशीच, आणि बिनदाताच्या हिरड्यांत टोक धरून असं चोखलं, की सगळ्या खोलीत घुमलं. सुर्रर्र... शीईई!

शकू ओरडली, "अगो बाय! झाली शिट्टी!"

रामू मटकन खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, पण या वेळचं हसू वेगळं होतं. पलीकडून हंसा काय झालं म्हणून धावत आली, तिला शकूनं दारातच सांगितलं की झाली एकदाची. देवू मात्र उठून मोरीकडे तोंड करून उभा राहिला. डोळ्यात धूर गेला म्हणाला. आता स्टोव्ह पेटलेला नाही, वीज नाही, निखारा सकाळीच विझलेला. धूर कसला आलाय कपाळाचा! पण कुणी त्याला ते विचारलं नाही.

येसूबाईनं चोखून झालेलं हाड कडेच्या चिपांवर ठेवलं आणि रिकामा हात पुढे केला.

"बगतोस काय, देवू? अजून येक दे. येका शिट्टीवर कुकर उतरवतात का कुनी?"